खाणीची फाईल वाचता येणारा वकील

नागपूरच्या सिव्हिल लाईन्समध्ये वेस्टर्न कोलफील्ड्सचं, म्हणजे आपल्या वेकोलिचं, मुख्यालय आहे. तिथेच इंदिरा भवनात भारतीय खाण ब्युरोचं मुख्यालय आहे. काटोल रोडवर मॉयल, मँगनीज काढणारी सरकारी कंपनी. कोळसा खाणींचे आराखडे करणाऱ्या सीएमपीडीआयची प्रादेशिक संस्था, पर्यावरण अभियांत्रिकीची संशोधन संस्था नीरी, राज्याच्या वनविभागाचं मुख्यालय, केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाचं प्रादेशिक कार्यालय, प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रादेशिक कार्यालय आणि मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ, सगळं याच शहरात. उमरेड, सावनेर, कामठीचा कोळसा, मनसर-कांद्री-गुमगावचं मँगनीज, पुढे वणी-घुग्घुस-बल्लारपूर आणि गडचिरोलीतलं सुरजागडचं लोहखनिज. तरी पर्यावरण कायद्यात काम करायचं म्हटलं की इथली मुलं दिल्लीचं तिकीट काढायच्या विचारात असतात. खाण क्षेत्रापुरतं बोलायचं तर हा विचार उलटा आहे. परवानगीचा कागद दिल्लीत निघत असेल, पण ज्या जमिनीवर, नाल्यावर आणि नोंदीवर तो कागद टिकतो किंवा कोसळतो, त्या इथे आहेत.

कॉलेजात पर्यावरण कायदा हा एका सेमिस्टरचा विषय. घटनेचं कलम २१, ४८-अ, ५१-अ(ग), गंगा प्रदूषणाचे खटले, 'प्रदूषण करेल तो भरेल' हे तत्त्व. हे सगळं यायलाच हवं, पण खाणीच्या प्रकरणात पहिल्या दिवशी तुमच्यासमोर तत्त्व येत नाही, फाईल येते. एका उघड्या खाणीचे कागद सहा-सात वेगवेगळ्या कार्यालयांनी दिलेले असतात, प्रत्येकाचा आकडा, नकाशा आणि तारीख वेगळी. ते एकमेकांशी जुळवून पाहणं हे या वकिलीचं मुख्य काम आहे. कंपनीच्या बाजूने उभे राहा, ग्रामसभेच्या बाजूने किंवा सरकारच्या, काम तेच राहतं.

ईसीपासून सुरुवात

पर्यावरण मंजुरी, जिला सगळे ईसी म्हणतात, ती १४ सप्टेंबर २००६ च्या ईआयए, म्हणजे पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या, अधिसूचनेखाली मिळते. पत्र हातात आलं की आधी तीन गोष्टी वहीत उतरवा: भाडेपट्ट्याचं क्षेत्र किती हेक्टर, वार्षिक क्षमता किती दशलक्ष टन, आणि पत्राची तारीख. मग प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र, म्हणजे कन्सेंट टू ऑपरेट, मंजूर खाण आराखडा आणि भाडेपट्टा करार शेजारी ठेवा. समजा ईसीत क्षमता २.५ दशलक्ष टन आहे, आराखड्यात ३ आणि संमतीपत्रात २. खाण व्यवस्थापक प्रामाणिकपणे ३ चं नियोजन करतो, कारण त्याच्या टेबलावर आराखडा असतो. कायद्याने मात्र सगळ्यात लहान आकडा बांधील असतो. २ च्या वरचं प्रत्येक टन संमतीशिवायचं, २.५ च्या वरचं ईसीशिवायचं.

याची किंमत काय होऊ शकते ते सर्वोच्च न्यायालयाने २ ऑगस्ट २०१७ च्या कॉमन कॉज निकालात ओडिशाच्या लोह आणि मँगनीज खाणींबाबत सांगितलं. ईसी नसताना किंवा तिच्या मर्यादेबाहेर काढलेलं खनिज बेकायदा, आणि खनिज कायद्याच्या कलम २१(५) खाली त्याच्या पूर्ण किमतीची वसुली. त्यानंतर २०२१ मध्ये खनिज कायद्यात दुरुस्त्या झाल्या. म्हणून वादातलं उत्पादन नेमकं कोणत्या वर्षांचं आहे हे लिहून घेतल्याशिवाय कुठलंही मत देऊ नका. वर्षनिहाय उत्पादनाचा तक्ता हा अशा प्रकरणातला पहिला जोडपत्राचा कागद असायला हवा.

ईसी आधी न घेता काम सुरू करून नंतर मंजुरी मागायची, हा मार्ग अजूनही डळमळीत आहे. १६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने वनशक्ती प्रकरणात पश्चात मंजुरीची २०१७ ची अधिसूचना आणि २०२१ चं कार्यालयीन ज्ञापन रद्द केलं. १८ नोव्हेंबर २०२५ ला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने तो निकाल मागे घेतला. पक्षकाराला या मार्गाचा भरवसा देणं आज तरी चूक ठरेल.

ईसीच्या पत्रात मागे अटी असतात, विशेष आणि सर्वसाधारण. नवा वकील त्या चाळतो. तसं करू नका. प्रत्येक अटीला एक ओळ, आणि प्रत्येक ओळीला चार रकाने: अट काय, जबाबदार अधिकारी कोण, पुरावा कुठला, पुढची तारीख कधी. 'पुरावा' हा रकाना भरताना खरी परिस्थिती कळते. खाणीतून काढलेल्या माती-दगडाच्या ढिगाऱ्याभोवती गारलँड ड्रेन, म्हणजे पावसाचं पाणी अडवणारी चर, खोदा असं लिहिलेलं असेल तर त्याची लांबी, उतार, गाळ काढल्याच्या तारखा आणि अक्षांश-रेखांशासह फोटो हवेत. पिझोमीटर, म्हणजे भूजलाची पातळी मोजणारी नळी, बसवा असं असेल तर कुठल्या विहिरीजवळ, किती खोल, पावसाळ्याआधी आणि नंतर पाण्याची पातळी किती, हे हवं. हरितपट्टा असेल तर लावलेली झाडं नव्हे, जगलेली झाडं मोजा.

पालन अहवाल दर सहा महिन्यांनी द्यायचा, १ जून आणि १ डिसेंबरला. पर्यावरण विवरणपत्र, म्हणजे फॉर्म पाच, ३१ मार्चला संपलेल्या वर्षासाठी ३० सप्टेंबरपर्यंत मंडळाकडे. अनेक अहवालांत प्रत्येक अटीपुढे 'पालन केले जात आहे' एवढंच वाक्य असतं, मागच्या वेळचंच. असा अहवाल कंपनीला वाचवत नाही, उलट अडकवतो. तो सार्वजनिक असतो, मंत्रालयाच्या प्रादेशिक कार्यालयाचा पाहणी अहवाल माहिती अधिकारात मिळतो, आणि दोन्ही शेजारी ठेवले की विरोधी वकिलाचं निम्मं काम झालेलं असतं. कंपनीचं काम पाहणाऱ्याने व्यवस्थापनाला हे स्पष्ट शब्दांत सांगायलाच हवं: एखादी अट पाळली गेली नसेल तर तसं लिहा, कारण लिहा, दुरुस्तीची तारीख लिहा. कबूल केलेली उणीव निस्तरता येते, खोटं विधान निस्तरत नाही.

जमीन: विदर्भाची खरी अवघड जागा

बाहेरून आलेले वकील इथेच अडखळतात. पूर्व विदर्भ हा जुन्या मध्य प्रांताचा भाग, त्यामुळे इथे सातबारा आणि आठ-अ पुरत नाही. निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज काढावे लागतात, कारण गावाचे चराई, सरपण, रस्ता, पाणी यांचे हक्क तिथे लिहिलेले असतात. खसरा क्रमांक बदललेले असतात, म्हणून फेरफाराची साखळी मागे नेऊन जुना क्रमांक नव्याशी जोडा.

त्यात झुडपी जंगल. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत महसूल दप्तरी 'झुडपी जंगल' अशी नोंद असलेल्या जमिनी हजारो हेक्टर आहेत. दिसायला माळरान, कधी नुसता मुरूम. २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की जंगल कशाला म्हणायचं यावरच्या गोदावर्मन प्रकरणातल्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशानुसार या जमिनी वन समजल्या जातील. त्या तारखेआधी सक्षम अधिकाऱ्याने दिलेल्या जमिनींसाठी वेगळी वाट ठेवली आहे. त्यानंतरच्या वाटपाकडे मात्र न्यायालयाने कडकपणे पाहिलं आहे. त्यामुळे खाणीचा ढिगारा, कोळसा वाहतुकीचा रस्ता, रेल्वे सायडिंग किंवा साधी पाईपलाईनसुद्धा झुडपी जंगलाच्या खसऱ्यातून जात असेल, तर वाटपाचा मूळ आदेश आणि त्याची तारीख हुडकून काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. 'पटवारी म्हणतो पडीक आहे' हे उत्तर चालत नाही.

वनजमीन वळती करायची तर १९८० च्या वन कायद्याच्या कलम २ खाली मंजुरी लागते. २०२३ च्या दुरुस्तीनंतर त्या कायद्याचं नाव वन संरक्षण एवं संवर्धन अधिनियम झालं. प्रस्ताव परिवेश या केंद्राच्या मंजुरी पोर्टलवर जातो, डीजीपीएस (उपग्रहाच्या मदतीने केलेलं अचूक) सर्वेक्षण आणि केएमएल फाईलसह, म्हणजे सीमेच्या डिजिटल नकाशासह. उपवनसंरक्षक, मुख्य वनसंरक्षक, नोडल अधिकारी, राज्य शासन, मग केंद्र. आधी स्टेज-१ ची तत्त्वतः मान्यता येते, तिच्या अटी पूर्ण झाल्या की स्टेज-२ ची अंतिम मान्यता. मधल्या काळात पैसे भरायचे असतात. वळत्या होणाऱ्या जंगलाचं निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजे एनपीव्ही, जानेवारी २०२२ पासून जंगलाचा प्रकार आणि घनता पाहून हेक्टरी सुमारे ९.५७ लाख ते १५.९५ लाख रुपये आहे. शिवाय पर्यायी वनीकरणाची जमीन आणि खर्च.

इथे बिघडतं काय? पहिलं, केएमएलमधली सीमा आणि भाडेपट्ट्याचा नकाशा जुळत नाही. काही मीटरचा फरकही वनविभागाच्या एखाद्या कक्षात घुसतो आणि प्रस्ताव महिनोन्महिने 'त्रुटी' म्हणून परत येत राहतो. दुसरं, स्टेज-१ आली की ठेकेदार झाडं तोडायला सुरुवात करतो. तत्त्वतः मान्यता म्हणजे काम सुरू करण्याची परवानगी नव्हे, हे ठेकेदाराच्या करारातच लिहून घ्या. तिसरं, पर्यायी वनीकरणासाठी दाखवलेली जमीन आधीच कुणाच्या वनहक्क दाव्यात किंवा झुडपी नोंदीत असते. तपासायला सोपी गोष्ट आहे, पण शेवटी तपासली जाते.

वनहक्क कायदा २००६ चा भाग सगळ्यात जास्त घाईने उरकला जातो, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ग्रामसभेचा ठराव वाचताना तारीख, गणपूर्ती, हजर असलेल्यांच्या सह्या-अंगठे, प्रलंबित वैयक्तिक आणि सामूहिक दावे, आणि सभा गावाची होती की नुसत्या ग्रामपंचायतीची, हे पाहा. ग्रामपंचायतीचा मासिक सभेचा ठराव म्हणजे ग्रामसभेचा ठराव नव्हे. ओडिशाच्या नियमगिरी प्रकरणात १८ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने ग्रामसभांकडे निर्णय पाठवला, आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी बॉक्साईट खाण नाकारली. मेंढा (लेखा) सारखं सामूहिक वनहक्क मिळवणारं गाव ज्या गडचिरोलीत आहे, तिथे काम करणाऱ्याला हा निकाल तोंडपाठ हवा. पेसा, म्हणजे आदिवासी अनुसूचित क्षेत्रांतल्या ग्रामसभांच्या कायद्याचा आधार घेताना एक खबरदारी: कलम ४ मधली खाणपट्ट्यासाठी ग्रामसभेच्या शिफारशीची सक्ती गौण खनिजांपुरती आहे. लोहखनिज किंवा कोळशाच्या प्रकरणात ती तशीच लिहिली तर पहिल्याच सुनावणीत युक्तिवाद पडतो. तिथे भूसंपादनाआधी सल्लामसलतीची तरतूद आणि वनहक्क कायदा वापरायचा.

कोळशाची जमीन बहुतेक वेळा १९५७ च्या कोळसाधारक क्षेत्र कायद्याखाली घेतली जाते. कलम ७(१) ची अधिसूचना निघाली की कलम ८ खाली हरकतीला ३० दिवस. गावात ही अधिसूचना कुणी वाचत नाही. ज्या वकिलाकडे राजपत्र नियमित पाहण्याची सवय आहे, तोच इथे उपयोगी पडतो.

आणि वाघ. ताडोबा, पेंच, उमरेड-कऱ्हांडला यांच्या मधल्या भ्रमणमार्गांत खनिज आहे. राष्ट्रीय उद्यान, अभयारण्य आणि त्यांच्या सीमेपासून एक किलोमीटरच्या आत खाणकाम नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२३ च्या आदेशातही कायम ठेवलं. त्यापलीकडे व्याघ्र प्रकल्पांना जोडणाऱ्या पट्ट्यासाठी वन्यजीव कायद्याचं कलम ३८-ओ(१)(जी) आहे. तिथे राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची मान्यता आणि व्याघ्र प्राधिकरणाचा सल्ला लागतो.

जनसुनावणी

ईसी मिळण्याआधी बाधित लोकांचं म्हणणं ऐकायचं असतं, ती जनसुनावणी. कंपनी मसुदा ईआयए अहवाल आणि मराठी-इंग्रजी सारांश मंडळाला देते. मंडळाने विनंती आल्यापासून ४५ दिवसांत सुनावणी पूर्ण करायची. त्याआधी किमान ३० दिवसांची नोटीस, एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक भाषेतल्या दैनिकात. अहवाल जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत किंवा नगरपालिका, जिल्हा उद्योग केंद्र आणि पर्यावरण मंत्रालयाच्या प्रादेशिक कार्यालयात पाहायला मिळायला हवा. जागा प्रकल्पाच्या ठिकाणी किंवा अगदी जवळ. अध्यक्ष जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हादंडाधिकाऱ्याहून खालचा नसलेला प्रतिनिधी. गणपूर्तीची अट नाही. संपूर्ण चित्रीकरण होतं, आणि शेवटी नोंदलेले मुद्दे स्थानिक भाषेत वाचून दाखवून त्याच दिवशी सही व्हायला हवी.

गावाच्या बाजूने असाल तर भाषणांवर वेळ घालवू नका. नोटीस आल्याच्या दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत जा, अहवाल आला का ते पाहा, नसेल तर सरपंचांकडून तसं लेखी घ्या. मराठी सारांश मूळ इंग्रजीशी ओळीने पडताळा. बाधित गावांची यादी, हेक्टर आणि एकर, पाण्याचा रोजचा वापर, नाला वळवण्याचा मुद्दा, या चार ठिकाणी फरक सापडण्याची शक्यता जास्त. पायाभूत आकडे किती जुने आहेत तेही बघा. ईसीच्या अर्जावेळी ते तीन वर्षांपेक्षा जुने चालत नाहीत. लेखी हरकती क्रमांक घालून द्या आणि प्रत्येकीवर पोच घ्या. पुढे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात 'आम्ही हा मुद्दा मांडला होता आणि त्याचं उत्तर दिलं गेलं नाही' हे सिद्ध करायला ती पोच लागते. तावातावाने केलेलं भाषण इतिवृत्तात एका ओळीत संपतं.

कंपनीच्या बाजूने असाल तर प्रत्येक हरकतीला अंतिम अहवालात खर्चाच्या तरतुदीसह उत्तर आहे ना, हे तपासणं तुमचं काम. आणि उन्हाळ्यात दुपारी बारा वाजता बिनसावलीच्या मैदानात सुनावणी ठेवू नका, हे मंडळाला आधीच लिहून द्या. मे महिन्यातल्या विदर्भात अशा सुनावणीला म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया येऊ शकत नाहीत, आणि तो आक्षेप रास्तच असतो.

आकडे आणि नमुने

मंडळाची कारणे दाखवा नोटीस आली की वकील आधी उत्तर लिहायला बसतो. त्याऐवजी नमुना कसा घेतला ते पाहा. जल कायद्याच्या कलम २१ मध्ये पद्धत बांधून दिली आहे: जागेवर लगेच नोटीस, नमुन्याचे दोन भाग, दोन्ही डबे सीलबंद आणि दोघांच्या सह्या, मग प्रयोगशाळा. पद्धत चुकली तर तो निष्कर्ष न्यायालयात पुरावा म्हणून टिकत नाही. गावकऱ्यांच्या वकिलालाही हे माहीत हवं, म्हणजे मंडळाच्या अधिकाऱ्याला पद्धत पाळायला लावता येते. बाटलीत भरून आणलेलं काळं पाणी वर्तमानपत्रात छापून येतं, पण पुरावा होत नाही.

कोळसा खाणीच्या सांडपाण्याची मुख्य मानकं लक्षात ठेवा: सामू (पीएच) ५.५ ते ९, तरंगते घन पदार्थ लिटरला १०० मिलिग्रॅम, तेल-ग्रीस १०, सीओडी (रासायनिक ऑक्सिजन मागणी) २५०. हवेत पीएम-१० या बारीक धुळीचं २४ तासांचं सर्वसाधारण मानक घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम. ब्लास्टिंगमुळे घरांना भेगा पडल्याच्या तक्रारीत खाण सुरक्षा महासंचालनालयाचं १९९७ चं सातवं परिपत्रक कामाला येतं. खाणमालकाच्या नसलेल्या साध्या घरांसाठी कंपनाची मर्यादा ८ हर्ट्झच्या खाली सेकंदाला ५ मिलिमीटर, ८ ते २५ हर्ट्झला १०, त्यावर १५. तेव्हा 'आवाज फार होतो' असं लिहिण्याऐवजी ब्लास्टची तारीख-वेळ, घरापासूनचं अंतर, दर डिलेला, म्हणजे एका वेळी उडणाऱ्या टप्प्याला, किती स्फोटक, आणि यंत्रावर वारंवारता किती आली, हे मागा. वारंवारता न देता नुसता वेग दाखवलेला अहवाल अर्धवट आहे.

पर्यावरण भरपाईचं सूत्र केंद्रीय मंडळाचं आहे: प्रदूषण निर्देशांक गुणिले दिवस गुणिले रुपयांचा गुणक गुणिले उद्योगाचा आकार गुणिले ठिकाण. सर्वाधिक प्रदूषणाच्या लाल वर्गाचा निर्देशांक ८०, गुणक साधारण २५० रुपये, मोठ्या उद्योगाला १.५, दहा लाखांखालच्या वस्तीला १. म्हणजे ८० × २५० × १.५ × १, दिवसाला ३०,००० रुपये. साठ दिवसांचे १८ लाख. सूत्रातलं बाकी सगळं ठरलेलं असतं, वाद दिवसांच्या संख्येवर होतो. म्हणून दुरुस्ती झाली त्याच दिवशी मंडळाला पत्र देऊन तपासणीची मागणी करा. नाहीतर मंडळाचा अधिकारी येईपर्यंतचे सगळे दिवस मोजले जातात. मंडळाला अशी भरपाई आकारता येते का, हा जुना वाद सर्वोच्च न्यायालयाने ४ ऑगस्ट २०२५ ला मिटवला: येते, पण त्यासाठी नियम करून.

पर्यावरण संरक्षण कायद्याच्या कलम १५ ची तुरुंगवासाची शिक्षा जन विश्वास कायद्याने गेली आणि १ एप्रिल २०२४ पासून दहा हजार ते पंधरा लाखांचा दंड आला. माझ्या मते मोठ्या खाणीसाठी हा आकडा फार किरकोळ आहे. त्यामुळे खरा धाक आता भरपाईचा, संमती रद्द होण्याचा आणि ईसी स्थगितीचा.

मुदती

पश्चिम विभागाचं हरित न्यायाधिकरण पुण्यात आहे. ईसी किंवा वनमंजुरीविरुद्धचं अपील हरित न्यायाधिकरण कायद्याच्या कलम १६ खाली: ३० दिवस, आणि पुरेसं कारण असेल तर आणखी ६०. नव्वदाव्या दिवसानंतर न्यायाधिकरणाच्या हातात काही उरत नाही. कलम १४ खालचा मूळ अर्ज वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिन्यांत, अधिक ६० दिवस. 'पहिल्यांदा' हा शब्द फार जणांना नडतो, कारण प्रदूषण रोज चालू असलं तरी मुदत पहिल्या दिवसापासून मोजली जाऊ शकते. भरपाई आणि पुनर्स्थापनेसाठी कलम १५, पाच वर्षं. पुढचं अपील सर्वोच्च न्यायालयात, ९० दिवस. भरपाई मागितलेली नसेल तर शुल्क एक हजार रुपये. हा मार्ग गरिबालाही परवडणारा आहे, फक्त वेळेत गेलं पाहिजे.

उच्च न्यायालयाचा मार्ग बंद झालेला नाही. घटनेच्या कलम २२६ चा रिट अधिकार हरित न्यायाधिकरणाच्या कायद्याने हिरावला जात नाही, हे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे. वनहक्क, जमीन संपादन, पेसा यांचे प्रश्न गुंतलेले असतील तर नागपूर खंडपीठ योग्य, कारण वनहक्क कायदा न्यायाधिकरणाच्या अनुसूचीत नाही. निव्वळ ईसीच्या गुणवत्तेचा वाद असेल तर मात्र पुण्यालाच जा.

नोकरी की वकिली

तीन किंवा पाच वर्षांची एलएलबी, महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलची सनद, आणि अखिल भारतीय बार परीक्षा. ३० जुलै २०२४ च्या निकालानंतर नोंदणी शुल्क खुल्या वर्गाला ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये आहे, त्याहून जास्त कुणी मागत असेल तर निकाल दाखवा.

वेकोलित विधी अधिकारी व्हायचं तर भरती कोल इंडियाकडून होते. व्यवस्थापन प्रशिक्षणार्थी, विधी शाखा, कायद्याच्या पदवीला किमान ६० टक्के. सुरुवात ई-२ श्रेणीत, ५०,००० मूळ वेतनापासून. पूर्णवेळ पगारी नोकरी घेतली की सनद स्थगित करावी लागते, हे घरच्यांना आणि स्वतःला आधीच समजावून सांगा. कोर्टात उभं राहायची आवड असेल तर हा मोठा त्याग आहे. आणखी एक: ३१ ऑक्टोबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार कंपनीत नोकरीला असलेल्या विधी सल्लागाराला वकील-पक्षकार गोपनीयतेचं पूर्ण संरक्षण नाही. अंतर्गत पर्यावरण तपासणीत उल्लंघन सापडलं तर ते मत बाहेरच्या वकिलाकडून घ्यायचं का, हा विचार त्यामुळे आधीच करावा लागतो.

वकिली करायची तर पहिली तीन वर्षं खंडपीठात वनविषयक आणि महसुली प्रकरणं चालवणाऱ्या ज्येष्ठांकडे काढा. नुसत्या पर्यावरणाच्या प्रकरणांवर सुरुवातीला घर चालत नाही. भूसंपादन मोबदला आणि महसुली अपिलं हीच भाकरी, आणि सुदैवाने जमिनीचे कागद वाचायला तीच शिकवतात. ईआयए सल्लागार संस्थेत काही महिने काम केलं तर फार उपयोग होतो. तिथे आकडे कसे गोळा होतात, कुठे घाई होते, हे आतून कळतं. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर शिका, केएमएल उघडून त्यावर खसरा नकाशा बसवता आला पाहिजे. गूगल अर्थवरची जुनी छायाचित्रं वर्षवार काढून ढिगारा कुठवर सरकला ते दाखवता आलं पाहिजे. आणि मराठी नीट लिहा. ग्रामसभेचा ठराव, हरकतीचा अर्ज, प्रतिज्ञापत्राचा मराठी मसुदा, हे चांगलं लिहिणारे वकील नागपुरात हवेत तेवढे नाहीत.

बाजू कुठली घ्यावी, हा प्रत्येकाचा प्रश्न. कंपनीत राहून ढिगारा नाल्यापासून शंभर मीटर मागे घ्यायला लावणारा वकील काही कमी काम करत नाही. बंधन एकच: बार कौन्सिलच्या नियम ३३ नुसार ज्या प्रकरणात एका बाजूला सल्ला दिला किंवा मसुदा केला, त्यात दुसऱ्या बाजूने उभं राहता येत नाही. खाण क्षेत्र छोटं आहे, त्याच खाणीचे वाद तीस वर्षं चालतात. म्हणून कोणत्या खाणीच्या कुठल्या विषयावर कुणाला काय सांगितलं, याची नोंदवही पहिल्या दिवसापासून ठेवा.

सरावासाठी परिवेशवरून जिल्ह्यातली एखादी चालू उघडी खाण निवडा. तिची ईसी, शेवटचे दोन सहामाही अहवाल, मंडळाचं संमतीपत्र उतरवून घ्या, प्रादेशिक कार्यालयाचा पाहणी अहवाल माहिती अधिकारात मागा, अर्जाला दहा रुपये लागतात. वर सांगितलेला चार रकान्यांचा तक्ता भरा. मग एखाद्या रविवारी त्या गावात जाऊन गारलँड ड्रेन कुठून कुठे जाते ते चालत पाहा, आणि तक्त्यात पुराव्याच्या रकान्यासमोर जे दिसलं ते लिहा.